थरथरत्या स्वराची पेटी

पायाने भाते हलवून वाजवायचा जुना ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना 'व्हॉक्स ह्युमाना' असे लिहिलेली खुंटी आठवत असेल. पुष्कळ ऑर्गनांत ती असे. ती ओढली की आतल्या रीडांच्या तोंडाशी बसवलेला एक चपटा पंखा हवेच्या ओढीने फिरू लागतो. त्याचे पाते रीडांसमोर आले की आवाज दबतो, दूर गेले की मोकळा होतो. एरवी काठीसारखा सरळ निघणारा स्वर त्यामुळे थरथरू लागतो. लॅटिन नावाचा अर्थ 'माणसाचा आवाज'. यंत्राने मानवी कंठाची नक्कल करावी ही हौस जुनी आहे. पाइप ऑर्गनमध्ये वाऱ्याचा दाब हलवून हेच साधणारा 'ट्रेम्युलंट' शतकानुशतके वापरात आहे. विद्युत गिटारच्या जगात तोच उद्योग मूठभर आकाराची, पायाने दाबायची एक धातूची पेटी करते. तिला ट्रेमोलो पेडल म्हणतात. अलीकडे अशी पेडले दोन-चार माणसांच्या कार्यशाळांतून थोड्याथोड्या संख्येने बनतात, आणि सर्फ गिटार वाजवणाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम विकली जातात. त्यांच्याविषयी आम्हांला काही लिहायचे आहे.

वाद्याची समीक्षा समजू शकते, वाद्याच्या एका जोडपेटीची कशाला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे असे की स्वर कसा निघावा हे ठरवणारी प्रत्येक वस्तू संगीताच्या न्यायासनासमोर उभी करता येते. शिवाय ही पेटी महाग असते. कारखान्यात बनलेल्या पेडलच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन ती घेणाऱ्या तरुणाला, आणि बहुधा त्याच्या वडिलांना, आपण नक्की काय विकत घेतो आहोत हे कळलेले बरे.

प्रथम सर्फ गिटारविषयी. १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांमध्ये हे संगीत जन्मले. बहुतांशी शब्दांवाचूनचे, गिटारनेच बोलणारे. त्याचा अध्वर्यू डिक डेल. त्याचे वडील लेबनीज वंशाचे होते आणि काका ऊद वाजवीत. १९६२ मध्ये डेलने 'मिसरलू' ही पूर्व भूमध्य प्रदेशातली जुनी धून गिटारवर बसवली. तिच्यात एकाच तारेवर नखी इतक्या वेगाने खालीवर फिरते की स्वर तुटक न राहता सलग थरथरतो. संतूरवर कलमांच्या झपाट्याने, मँडोलिनवर नखीने स्वर धरून ठेवतात, तीच ही युक्ती. या वादनपद्धतीलाही इंग्रजीत 'ट्रेमोलो' असेच म्हणतात.

येथेच घोटाळ्याला आरंभ होतो. लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आणली. तिच्या तारा ज्या दांडीने ढिल्या-ताठ होतात तिला त्यांनी 'ट्रेमोलो' हे नाव दिले. वस्तुतः त्या दांडीने स्वराची उंची हलते, म्हणजे तो व्हायब्रॅटो झाला. आपल्याकडे त्याला आंदोलन किंवा गमक म्हणू. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'ट्रेमोलक्स' ॲम्प्लिफायरमध्ये आवाजाची पातळी कमीजास्त करणारी खरीखुरी ट्रेमोलो-योजना आली आणि नावही बरोबर पडले. नंतर मात्र तीच योजना असलेल्या ॲम्प्लिफायरांवर 'व्हायब्रॅटो' हा शब्द छापला गेला, तो कायमचा. एका कारखान्याने दोन शब्दांची अदलाबदल केली आणि जगभरचे वादक निमूटपणे तसेच बोलू लागले. भाषेच्या इतिहासात अशा गमती थोड्या नाहीत. असो.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. सर्फ वादकाच्या हाताशी थरथरीचे दोन प्रकार आधीच आहेत, एक नखीचा आणि दुसरा दांडीचा. दोन्ही हाताने होतात, म्हणून दोन्हींत माणूस आहे. तिसरा, यंत्राचा, त्यात कोठे बसतो? वेगवान रचनांत तो जवळजवळ निरुपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नखी सेकंदाला अनेक वेळा तार छेडत असताना वर यंत्राचीही उघडझाप सुरू केली तर दोन्ही एकमेकींना खातात आणि हाती चिखल येतो. या पेटीचे खरे क्षेत्र म्हणजे संथ रचना. एक स्वरसंघ छेडावा आणि तो विरेपर्यंत थांबावे. त्या थांबण्यात जी हालचाल हवी असते ती ही पेटी देते. सर्फच्या आधीचे उदाहरण द्यायचे तर लिंक रे यांची १९५८ मधली 'रंबल' ऐकावी. अखेरीस ट्रेमोलोचा वेग वाढत जातो आणि साध्या तीन-चार स्वरसंघांवर भीतीचे सावट येते.

ही थरथर यंत्राने कशी काढली गेली याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९४० च्या दशकातल्या डीआर्मंडच्या पेटीत एक मोटर होती. ती विद्युत वाहून नेणाऱ्या द्रवाची लहानशी कुपी हलवीत राही. द्रव आतल्या टोकाला लागला की गिटारचा संकेत जमिनीकडे वळे आणि आवाज पडे, द्रव दूर गेला की आवाज परते. बो डिडली यांच्या १९५५ च्या ध्वनिमुद्रिकेतली डुलती लय या पाण्याच्या पेटीचीच. पुढे ॲम्प्लिफायरमध्येच सोय झाली. लहान ॲम्प्लिफायरांत शक्ती देणाऱ्या नळ्यांचाच दाब हलवीत. त्याची थरथर मऊ, झोपाळ्यासारखी. १९६० च्या आसपासच्या फेंडरच्या मोठ्या ॲम्प्लिफायरांत स्वराचे खर्जाचे आणि टिपेचे अंग वेगळे करून एक वर जात असता दुसरे खाली आणीत. तो आवाज जागच्या जागी गिरकी घेतल्यासारखा येतो. १९६३ पासून तिसरी रीत आली. एक निऑनचा दिवा लुकलुकतो, त्याच्याशेजारी प्रकाश पडताच विरोध घटणारा एक तुकडा असतो, आणि दिवा पेटला की संकेत त्यातून जमिनीकडे निसटतो. निऑनचा दिवा हळूहळू उजळत नाही, एकदम पेटतो. म्हणून या थरथरीला किंचित धार असते. आजची बहुतेक छोटी पेडले या तिहींपैकी एखादीची नक्कल आहेत.

नकलेची गरज का पडली? पुढे पुष्कळ ॲम्प्लिफायरांतून ही सोय गाळली गेली आणि ज्याला ती हवी त्याला जुना, जड, महागडा ॲम्प्लिफायर शोधावा लागे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातले जेम्स डिमीटर यांनी गिटारवादक राय कूडर यांच्यासाठी 'ट्रेम्युलेटर' बनवले. त्यात जुन्या फेंडरची प्रकाशाची रीत पायाखालच्या पेटीत उतरवली होती. वेग आणि खोली, दोनच बटणे. या जातीचा तो कुलपुरुष मानायला हरकत नाही. जाता जाता सांगायचे तर याच कूडर यांनी विश्वमोहन भट्ट यांच्यासह वाजवलेले 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९२ मध्ये सांता बार्बारा येथील सेंट अँथनी सेमिनरीच्या ख्राइस्ट द किंग चॅपेलमध्ये ध्वनिमुद्रित झाले. तेथे पेडलचे काम नव्हते, थरथर सारी बोटांची आणि त्या चॅपेलच्या भिंतींची. जो माणूस हाताने इतके करू शकतो तोच पेटी बनवून घेतो, याचा अर्थ ती हाताला पर्याय म्हणून नव्हती. पुढे १९९४ मध्ये 'पल्प फिक्शन' या चित्रपटात 'मिसरलू' पुन्हा कानी पडली आणि सर्फ संगीताकडे नवी पिढी वळली. छोट्या कार्यशाळांना गिऱ्हाईक मिळाले ते त्याच दशकात.

आता गुणदोष. सर्फ वादकाच्या रचनेत रिव्हर्बची वेगळी पेटी असते. तिच्यातल्या स्प्रिंगांमधून जाऊन आलेल्या स्वराला थेंब टपकल्यासारखा ओलावा येतो. तो ओलावा हे या संगीताचे पहिले लक्षण. तेव्हा ट्रेमोलोची पेटी रिव्हर्बच्या आधी लावायची की नंतर, हा प्रश्न किरकोळ नाही. आधी लावली तर प्रत्येक थरथरीतल्या पोकळीत स्प्रिंगांचा गुंजारव शिरतो, कडा पुसल्या जातात आणि फार तर हेलकावा उरतो. नंतर लावली तर ओला स्वर, त्याची शेपटी, सारे एकत्र उघडझाप करते. जुन्या ॲम्प्लिफायरात ट्रेमोलो रिव्हर्बच्या नंतरच येई, म्हणून ध्वनिमुद्रिकांतला तो परिचित आवाज दुसऱ्या रीतीचा आहे. 'सर्फसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेडलच्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नसेल आणि झाकणावर मात्र लाटेचे सुबक चित्र असेल, तर आम्ही त्या चित्राला गुण देणार नाही.

दुसरी कसोटी शांततेची. थरथर घडवणाऱ्या आंदोलकाची टिकटिक वाईट जुळणीच्या पेटीत संकेतात झिरपते. वादक थांबला की घड्याळासारखी ऐकू येते. पेटीच्या पुढे रिव्हर्ब असेल तर प्रत्येक टिकेला स्प्रिंगा दाद देतात, आणि संथ रचनेतल्या ज्या थांबण्यासाठी पेटी घेतली तेच थांबणे नासते. गिटारवर हात ठेवून, खोली पूर्ण वाढवून, अर्धा मिनिट नुसते ऐकावे. चांगल्या आणि वाईट पेटीतला भेद त्या अर्ध्या मिनिटात कळतो. तिसरा दोष पातळीचा. स्वर अधूनमधून दबत असल्याने कानाला एकंदर आवाज उतरल्यासारखा वाटतो. बटण दाबताच वादक बासगिटार आणि ढोलांच्या मागे गेल्याचा भास होतो. भरपाईसाठी पातळीचे एक बटण द्यावे, एवढेच पुरते. आमच्या मते ते बटण नसलेली पेटी अपुरी आहे, मग ती कितीही प्रामाणिक नक्कल असो.

याउलट, पायाने ताल देऊन थरथरीचा वेग गाण्याच्या लयीशी जखडण्याची जी सोय आता मिळते तिचे कौतुक आम्हांला नाही. जुन्या ॲम्प्लिफायरचा दिवा आपल्याच चालीने लुकलुके. वादक त्याला कधी गाठी, कधी चुकवी. त्या ओढाताणीत जी जिवंत अनिश्चितता होती ती नेमकेपणाने मरते. ज्यांना नृत्यासाठी ठोक्याबरहुकूम तुकडे हवेत त्यांनी ती सोय जरूर घ्यावी. सर्फच्या संथ रचनेला ती नको.

राहिला प्रश्न थोडक्या संख्येचा. छोट्या कारागिराच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. प्रकाशाने विरोध बदलणारे तुकडे एकसारखे कधीच नसतात. कोणी लवकर जागा होतो, कोणी उशिरा मावळतो. कारखाना ते आहेत तसे घेतो. कारागीर एकेक मोजून, कानाने ऐकून निवडू शकतो, आणि हा फरक खरोखर ऐकू येतो. शिवाय त्या तुकड्यांत कॅडमियम असते. युरोपीय संघाने २००६ पासून त्यावर निर्बंध घातले आणि व्यावसायिक ध्वनियंत्रांसाठी ठेवलेली सवलतही २०१३ च्या अखेरीस संपली. तेव्हा युरोपात विकायचे त्या कारागिरांना दुसऱ्या रीतीने तोच मऊपणा मिळवण्याची खटपट करावी लागली. ही खटपट आदरास पात्र आहे.

पण तेवढ्यावर दुर्मिळता हाच गुण म्हणून विकला जाऊ लागतो तेव्हा आमचे मन आंबते. पन्नास नग काढायचे, त्यांवर हाताने क्रमांक घालायचे, ते संपले की पुन्हा करायचे नाहीत. महिन्याभरात तीच पेटी दुसऱ्याच्या हातून चढ्या भावाने विकली जाते आणि पुष्कळदा कोणाच्याही पायाखाली न जाता कपाटात बसते. ज्या संगीतासाठी हा खटाटोप, ते संगीत कारखान्याच्या मालावर वाढले याचा विसर पडलेला दिसतो. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९६५ मध्ये त्यांनी आपला धंदा सीबीएस कंपनीला विकला तोवर फुलर्टनच्या त्यांच्या कारखान्यातून निघालेली वाद्ये शाळकरी पोरांच्या हाती पोचली होती. डेलच्या आवाजात दुर्मिळ असे काही होते तर ते त्याचे मनगट आणि त्याने लावलेल्या जाडजूड तारा.

यापेक्षाही खटकणारी एक रीत आहे. आपली जोडणी कोणी उचलू नये म्हणून काही कारागीर आतल्या भागांवर काळी राळ ओततात. राळ एकदा सुकली की आत काय आहे ते दिसत नाही. पाच वर्षांनी एखादा क्षुल्लक तुकडा मेला आणि बनवणाऱ्याने तोवर कार्यशाळा बंद केली असेल, तर एवढी महाग पेटी वजन म्हणून कागदांवर ठेवायच्या कामी येते. फेंडरच्या ॲम्प्लिफायरच्या आत कोणती नळी कोठे बसते याचा छापील कागद चिकटवलेला असे. त्यांचे विद्युत-आराखडेही उपलब्ध असत. म्हणून त्यांतले कितीतरी ॲम्प्लिफायर साठ वर्षांनंतरही वाजत आहेत, आणि जुन्या रेडिओंवर हात बसलेला एखादा दुरुस्तीवाला ते आजही उघडून नीट करू शकतो. पेटी घेण्याआधी तळाचे चार स्क्रू काढून पाहण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागावी.