संजाणची अट आणि माहीमचे मौन

वैतरणेच्या उत्तरेकडील सफाळ्यापासून संजाणपर्यंतची किनारपट्टी १ मे १९६० पासून दोन राज्यांत विभागली गेली आहे. परंतु बाहेरून आलेल्या लोकांचा इतिहास पाहू गेल्यास ती एकच आहे. या पट्टीतील स्थलांतरांविषयी दोन ग्रंथ उपलब्ध आहेत. पहिला नवसारीचे पारशी धर्मगुरू बहमन कैकोबाद यांनी १५९९ मध्ये फारसी पद्यात रचलेला ‘किस्सा-इ-संजान’. दुसरा वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’. बखरीतील महिकावती म्हणजे केळवे-माहीम, अर्थात सफाळ्याचे निकटचे शेजार. आलेल्या माणसाने स्थानिक भाषा शिकलीच पाहिजे काय, या प्रश्नाच्या संदर्भात हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले असता त्यांतून निघणारा निष्कर्ष एकट्या ‘किस्स्या’तून निघणाऱ्या निष्कर्षाहून पुष्कळच वेगळा आहे.

हा प्रश्न केवळ स्थानिक नाही. नागरिकत्व मागणाऱ्यास इंग्रजी बोलता आले पाहिजे, अशी अट अमेरिकेने १९०६ मध्येच घातली. महाराष्ट्रात तोच वाद मराठीच्या संदर्भात चालतो, आणि आगंतुकाने कसे वागावे याचा आदर्श म्हणून पारशांचे उदाहरण पुढे केले जाते. दुधात विरघळलेल्या साखरेची गोष्ट त्या वेळी हमखास सांगितली जाते. ती गोष्ट ‘किस्स्या’त नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. ‘किस्स्या’त आहेत त्या अटी. जादी राणा आश्रय मागणाऱ्यांना आपला धर्म समजावून सांगण्यास सांगतो; इराणची भाषा सोडून हिंदची भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावी आणि विवाह सायंकाळी करावे, असे फर्मावतो. अटी मान्य होतात, जागा मिळते, जंगल तोडून वस्ती उभी राहते आणि पुढे अग्निमंदिरासही अनुज्ञा मिळते.

या कथनाची चिकित्सा करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, कालांतर. आगमनाचा काळ अभ्यासकांनी इ. स. ७१६ पासून ९३६ पर्यंत निरनिराळा मानला आहे. कोणताही पक्ष स्वीकारला तरी घटना आणि ग्रंथ यांच्यात साडेसहा शतकांहून अधिक अंतर राहते. तेव्हा ही अट म्हणजे तत्कालीन कराराची नोंद नव्हे. एका समाजाने आपली मातृभाषा कशी बदलली याचा त्याने स्वतःच मागाहून लावलेला हा अर्थ होय. दुसरी गोष्ट, वक्ता. अट घालणाऱ्या राण्याचा एकही लेख उपलब्ध नाही. तो कोण, याविषयीही केवळ तर्क आहेत. जो बोलतो तो अट पाळणाराच बोलतो. यजमानाची सक्ती पाहुण्याच्या तोंडून ऐकू येते आणि म्हणूनच ती सक्तीसारखी न वाटता वचनासारखी वाटते. तिसरी गोष्ट, क्रम. ‘किस्स्या’प्रमाणेच हे लोक संजाणला येण्यापूर्वी एकोणीस वर्षे दीव येथे राहिले होते. एकोणीस वर्षांत एक पिढी वाढते. किनाऱ्यावरची बोली त्यांच्या मुलांच्या कानांवर आणि बहुधा जिभेवरही आधीच आलेली असणार. व्यवहाराने जे सुरू केले होते, त्यालाच अटीने नाव दिले, असे अनुमान येथे सयुक्तिक ठरते.

अटीची रचनाही पाहण्याजोगी आहे. तिचे दोन भाग पडतात : सोडणे आणि स्वीकारणे. दुसरा भाग पूर्णपणे पाळला गेला. गुजराती ही पारशांची घरची भाषा झाली. पहिला भाग मात्र कधीच पूर्ण झाला नाही. अवेस्ता प्रार्थनेत राहिली, नेर्योसंग धवलाने धर्मग्रंथ संस्कृतात आणले आणि फारसी विद्वत्तेची भाषा म्हणून टिकली. फारसी सोडल्याची कथा फारसीतच लिहिली गेली, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? शस्त्रांच्या अटीचेही तेच झाले. सुलतानाची फौज संजाणवर चालून आली तेव्हा हेच आश्रित हिंदू राजाच्या बाजूने लढले, असे ‘किस्सा’ अभिमानाने सांगतो. पराभवानंतर ते बहारोटच्या डोंगरात बारा वर्षे राहिले. निःशस्त्र राहण्याचे वचन यजमानाच्याच रक्षणासाठी मोडले गेले आणि त्याचा कोणालाही विषाद वाटला नाही.

आता बखरीकडे वळू गेल्यास चित्र पालटते. तिच्या सर्वांत जुन्या भागाचा कर्ता केशवाचार्य असून तो भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ च्या सुमाराचा आहे. बिंब घराण्याचे राजे उत्तर कोकणात आले, त्यांच्याबरोबर सोमवंशी, सूर्यवंशी इत्यादी कुळे आली, माहीम ही राजधानी झाली, असा तिचा वृत्तान्त आहे. तिच्या सनावळीविषयी वाद आहेत. पण तिची दृष्टी निःसंदिग्ध आहे. कुळे, गोत्रे, वतने आणि महाराष्ट्रधर्म यांची ती तपशीलवार चर्चा करते. आलेल्यांनी येथल्या पूर्ववस्तीच्या भाषा शिकाव्या, असा विचार मात्र त्यात कोठेही नाही. असण्याचे कारणही नव्हते. ही कुळे आश्रय मागण्यास आली नव्हती, मुलूख घेण्यास आली होती. आणि मुलूख घेणाऱ्यास भाषेची अट घालणार कोण?

दोन्ही ग्रंथांत माणसे बाहेरूनच आली. एकात अट आहे, दुसऱ्यात मौन आहे. हा भेद आगमनाचा नसून बळाचा आहे. भाषेची अट आलेल्यावर पडत नाही. ती दुर्बळावर पडते, मग तो आलेला असो वा मूळचा. याची साक्ष वारली समाज देतो. त्याची बोली ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०५ च्या खंडात मराठीच्या बोलींबरोबर नोंदलेली आहे. हे लोक कोठूनही आले नव्हते. तरीही डहाणू-तलासरी भागात जमीनदार आणि सावकार यांच्या न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उमटवण्याची पाळी त्यांच्यावरच आली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथाची पार्श्वभूमी हीच आहे. धनी परका असताना भाषेची तडजोड मूळच्याने केली.

वर्तमान व्यवहारात हाच नियम पुन्हा दिसतो. २०१६ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ऑटोरिक्षाच्या परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची अट घातली. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये रद्द ठरविले. याच पट्टीत १९६९ पासून तारापूरचे अणुवीजकेंद्र वीज देत आहे आणि त्याच्या शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आहे. तेथे दूरच्या प्रांतांतून मजूर येतात, तसे अभियंते आणि व्यवस्थापकही येतात. भाषेचा वाद पेटतो तो रिक्षावाला आणि फेरीवाला यांच्याविषयी; व्यवस्थापकाविषयी तो सहसा पेटत नाही. संजाण आणि माहीम यांतील अंतर बोईसरमध्ये एका कारखान्याच्या आवारात सामावले आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग अट नकोच, सारे व्यवहारावर सोडावे. हा पक्षही ग्राह्य नाही. व्यवहार तटस्थ नसतो. तो बलवानाच्या सोयीने चालतो. दवाखान्यातील डॉक्टर, बँकेतील अधिकारी, ठाण्यातील अंमलदार यांच्यापुढे सफाळ्याच्या डोंगराकडील वारली स्त्री उभी राहते तेव्हा समजून घेण्याचे ओझे कोणी वाहावे, याचे उत्तर व्यवहार तिच्याविरुद्ध देतो. येथे अट हवी, आणि ती टेबलापलीकडील खुर्चीस हवी. राज्याच्या सेवेतील अमराठी भाषकांसाठी मराठीची परीक्षा आहे, हे तत्त्वतः योग्यच आहे. ज्याच्यावर इतर अवलंबून आहेत त्याने त्यांची भाषा जाणावी, हा त्यातील न्याय होय. २०२० च्या कायद्याने शाळांत मराठी सक्तीची केली, तेही याच दृष्टीने समर्थनीय आहे; कारण त्यात मागणीबरोबर शिकविण्याची जबाबदारी आहे. मात्र त्याच शाळेत वारली मुलाची बोली अशुद्ध म्हणून खोडली जात असेल, तर तेथे संजाणच्या अटीचा चुकीचा अर्धा भाग, म्हणजे ‘सोडा’, मूळच्याच रहिवाशावर लादला जातो.

सारांश, ‘किस्सा-इ-संजान’ हा भाषिक सक्तीचा पूर्वदाखला म्हणून पुढे करणे ग्रंथास धरून नाही. त्यातील अट टिकली ती तीन कारणांनी : तिच्यामागे व्यवहार होता, तिच्याबरोबर जागा आणि आश्रय होता, आणि ‘सोडा’ हा शब्द दोन्ही पक्षांनी शांतपणे विसरून ‘शिका’ एवढाच ठेवला. केळवे-माहीमच्या बखरीचे मौन याला एक चौथी गोष्ट जोडते. जी अट मुलूख घेणाऱ्यास कधीच घातली गेली नाही, ती केवळ आश्रय मागणाऱ्यासच घालणाऱ्यांनी तिला भाषाप्रेम म्हणण्यापूर्वी हे मौन एकदा वाचावे.