महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींतील श्रमविभाग

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिच्या पाठांविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु एवढें काम अनेकांत वांटलें कसें व पुन्हां एकत्र जुळविलें कसें, हा विचार आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण आवृत्तीच्या प्रामाण्याचें मूळ तेथें आहे.

पाठ टिपणारा व पाठ निवडणारा हे भिन्न ठेवले, ही ह्या योजनेंतील मुख्य गोष्ट होय. एका श्लोकास एक आंखलेला कागद; माथ्यावर छापील प्रतींतील श्लोक आणि त्याखालीं एकेका पोथींतील भेद अक्षरशः उतरलेले. अधिक श्लोकांचा भाग फार लांब असल्यास त्यास निराळा कागद. येथें शास्त्रीबोवांनीं अर्थ लावावयाचा नव्हता. (व्युत्पन्न मनुष्यास हें किती जड जातें, तें पोथ्या हाताळणाऱ्यांस सांगणें नको!) पुण्याखेरीज शांतिनिकेतनांत व तंजावरासही पोथ्या ताडून पाहण्याचें काम चाले.

ह्या कागदांचे बळ पुढें दिसून आलें. विराटपर्व (१९३६) लाहोरच्या रघुवीरांनीं, उद्योगपर्व (१९४०) ढाक्याच्या सुशीलकुमार डे ह्यांनीं, तर सभापर्व (१९४४) अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या एजर्टन ह्यांनीं संपादिलें. इतक्या दूरच्या पंडितांस एका सूत्रांत ठेविलें तें विष्णु सीताराम सुखठणकरांनीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत (१९३३) मांडलेल्या नियमांनीं. संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ, गाळलेले श्लोक तारांकित करून तळटीपेंत, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत, ही रीत सर्वत्र एकच आहे. १९४३ सालीं सुखठणकर निवर्तले. तरी आधीं बेलवलकर व मागून वैद्य ह्यांच्या हातीं तेंच सूत्र चाललें.

तथापि पर्ववार वांटणीचा एक दोष आम्हांस खटकतो. संपूर्ण महाभारताची पोथी विरळा; बहुधा सुटीं पर्वेंच मिळतात. म्हणून प्रत्येक पर्वास पोथ्या नव्यानें निवडाव्या लागल्या व त्यांस खुणाही नव्यानें दिल्या गेल्या. ‘डी’ ही देवनागरी पोथ्यांची खूण सर्वत्र खरी; पण आदिपर्वांतील ‘डी-१’ व दुसऱ्या पर्वांतील ‘डी-१’ ही एकच पोथी असें मानतां येत नाहीं. ‘डी-१ चा पाठ विश्वसनीय’ असें पर्वाचें नांव न घेतां लिहिणें म्हणजे वाचकास चकविणेंच. अनेक पर्वांस उपयोगी पडलेल्या पोथीस तरी एकच कायम क्रमांक द्यावयास हवा होता. निवड संपादकाची असली, तरी पोथीची ओळख ही सर्वांची सामायिक बाब होती, आणि तेवढी मध्यवर्ती कचेरीनें आपल्या हातीं राखली असती तर कोणाच्याही स्वातंत्र्यास बाध येता ना.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस विनंती अशी, कीं आपल्या पोथीची ह्या आवृत्तीशीं तुलना करितांना खुणेबरोबर पर्वाचें नांव व त्या पोथीचा मूळ संग्रहांतील क्रमांक अवश्य नोंदावा. हा क्रमांक त्या त्या पर्वाच्या प्रस्तावनेंत सांपडतो.