त्रिरश्मीचे मठ

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकास वाय नदीकांठचा टिंटर्न मठ परिचित असतो. वर्ड्‌स्वर्थच्या १७९८ मधील कवितेनें तें नांव अजरामर केलें. मौज अशी कीं, शीर्षकापलीकडे त्या कवितेंत मठाचा उल्लेखही नाहीं. संत बेनेडिक्टच्या नियमानें चालणारा हा मठ ११३१ मध्यें स्थापन झाला व १५३६ मध्यें मोडला. ओझरहून मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिक ओलांडलें कीं त्रिरश्मीच्या डोंगरांत त्याहून सुमारें हजार वर्षांनीं जुने मठ आहेत, आणि त्यांस 'पांडवलेणीं' म्हणून आपण मोकळे होतों! सुशिक्षित कुटुंबेंही तेथें मुलांना भीमाच्याच गोष्टी सांगतात.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. भिंतीवरील अक्षरें हा संशोधकांचा विषय, रसिकांचा नव्हे, असा समज आहे. मला तो मान्य नाहीं. उषवदातानें तीन हजार कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेविले : दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें, एक हजार शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० होतें. आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा द्यावयाचे आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो! हें वाचल्यावर त्या अंधाऱ्या कोठड्या निराळ्या दिसूं लागतात. तेथें माणसें निजत होतीं, आणि त्यांचीं वस्त्रें विणकरांच्या मागांवर अवलंबून होतीं. बेनेडिक्टचा नियम संन्याशास स्वतः राबावयास लावतो. येथला भिक्षु संसारी जनांच्या ठेवीवर निर्वाह करी. हा संबंध ज्यास दिसला नाहीं, त्यानें केवळ पोकळ दगड पाहिला.

तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिनें पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं केलेल्या दानाचा लेख आहे. पुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला, हा मातेचा अभिमान त्यांत ओसंडतो. कलादृष्ट्या मात्र जेत्यांनीं जितांचेंच अनुकरण केलें. स्तंभांची ठेवण दहाव्याचीच. परंतु तेथील घंटाकृति शीर्षांचा डौल येथें बोजड झाला आहे, आणि दारावरील शिल्पांची दाटीही मला अंमळ अधिक वाटते. ओसरीखालचे यक्ष मात्र अपूर्व! खांद्यांवर तुळया घेतलेले, कमरेपर्यंतच दिसणारे ते पुरुष सगळें लेणें पालखीसारखें उचलून उभे आहेत.