वस्तू, दाता आणि नाव : एका संग्रहालयाच्या निमित्ताने

संग्रहालयातील वस्तूखाली काय लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता मांडणीचा वाटतो. वस्तुतः इतिहास कोणाचा, हाच तो प्रश्न आहे. पुण्यातील सेनापती बापट मार्गावरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक आम्ही चाकणच्या एका मित्रासमवेत पाहिले, त्या निमित्ताने त्याचा विचार करणे उचित ठरेल.

सिंबायोसिस संस्थेचे हे संग्रहालय १९९६ साली खुले झाले. बाबासाहेबांचे व्हायोलिन, त्यांचा पलंग, १९९० साली मरणोत्तर लाभलेले भारतरत्न पदक येथे आहे. माईसाहेबांनी या वस्तू सांभाळल्या आणि समाजाच्या स्वाधीन केल्या. नित्य वापरातील वस्तू महापुरुषाला देव होऊ देत नाही, माणूसच ठेवते. हे या संग्रहालयाचे मोठे श्रेय होय. परंतु स्मारक एका व्यक्तीचे असल्यामुळे तिच्यामागे उभा राहिलेला समाज साहजिकच चौकटीबाहेर राहतो.

आमचे मित्र वाहन-उद्योगातील कामानिमित्त जपानमध्ये राहून आले आहेत. तेथील लहान गावांच्या संग्रहालयांत गावकऱ्यांनी दिलेली शेतीची अवजारे सन्मानाने मांडलेली असतात. मित्रांच्या वडिलांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. त्यांनी विचारले, "आमचा नांगर कोठे मांडायचा?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच परिसरात कोरलेले आहे. देहूरोड व तळेगाव यांच्या दरम्यान शेलारवाडीची लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतील एका प्राकृत लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नामक 'हालकिय' कुटुंबिकाच्या पत्नीने, नंद या पुत्रासह, लेणे दान दिल्याची नोंद आहे. 'हल' म्हणजे नांगर. हालकिय म्हणजे नांगरधारी शेतकरी. 'देयधम' हा शब्द पालीतील 'देय्यधम्म' होय, आणि पालीत 'लेण' म्हणजे आश्रयस्थान. दात्रीचे नाव, गाव, कुटुंबाचा व्यवसाय, दिलेली वस्तू, सहभागी पुत्र : उत्तम संग्रहालयाच्या पाटीवर याहून अधिक काय हवे? राजाचे नाव नसूनही हा लेख इतिहास ठरला, तो या तपशिलामुळेच.

या कसोटीवर आपण स्वतःलाही तपासले पाहिजे. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा पावणेदोन वर्षांहून अधिक अवकाश होता. ही तारीख आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु त्या दिवशी मांडव कोणी घातला, वर्गणी कोणी दिली, भोजन कोणी रांधले, ही नावे आपल्यापैकी किती जणांस सांगता येतील? तेव्हा विशीत असलेले उपासक-उपासिका आज नव्वदी ओलांडून गेले आहेत.

म्हणून नव्या इमारतीची वाट न पाहता, प्रत्येक विहाराने एक नोंदवही घालावी : नाव, गाव, व्यवसाय, दान. जुन्या पावत्या व छायाचित्रे तिच्यासोबत जपावीत. स्त्रियांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावानेच लिहावीत. शेलारवाडीच्या लेखात त्या दात्रीचे नाव 'सिअगुथणिका' असे स्वतंत्रपणे कोरलेले आहे.