'गाअल' : जिवाला आलेला वीट

लेवीय या ग्रंथाच्या 26 व्या अध्यायाचे वाचन झाले की श्रोत्यांच्या मनात शापांची यादी तेवढी उरते. त्या अध्यायात एकच हिब्रू क्रियापद पाच वेळा येते, याकडे सहसा लक्ष जात नाही. ते क्रियापद 'गाअल'. संपूर्ण जुन्या करारात ते अवघे दहा वेळा आढळते. त्यांपैकी निम्मे येथेच.

'तिरस्कार करणे' हा त्याचा रूढ अर्थ आम्हांस अपुरा वाटतो. पाचपैकी चार ठिकाणी या क्रियापदाचा कर्ता 'नेफेश', म्हणजे भुकेने व्याकुळ होणारा, धापा टाकणारा जीव आहे. नासलेले अन्न पाहताच पोटातून उमळून यावे, तशी ही शिसारी. 'जिवाला वीट आला' हा आपल्या घरातला वाक्प्रचार मूळ हिब्रूच्या फार जवळचा आहे.

संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतरात 11 व्या वचनात टाकून देण्याचे, तर 30 व्या वचनात किळस येण्याचे क्रियापद योजले. भाषा सुघड झाली, परंतु पुनरावृत्ती झाकली गेली. आणि अध्यायाचा अर्थ तर तिच्यातच आहे. 11 व्या वचनात परमेश्वर आश्वासन देतो, की आपल्या जिवाला प्रजेचा वीट येणार नाही. 15 व्या वचनात प्रजेला त्याच्या नियमांचा वीट येण्याची शक्यता उभी राहते. 30 व्या वचनात, मूर्तिपूजेच्या संदर्भात, परमेश्वरालाच प्रजेचा वीट येतो. 43 व्यात प्रजेचा दोष पुन्हा सांगितला जातो. फिट्टंफाट झाली असे वाटते, तोच 44 वे वचन येते : शत्रूच्या देशातही त्यांचा नायनाट करण्याइतका वीट मला येणार नाही, मी करार मोडणार नाही. येथे 'नेफेश' नाही. परमेश्वर 'मी' म्हणून बोलतो. शिसारीला त्याने स्वतःच मर्यादा घातली, असे आम्ही समजतो.

यिर्मयाच्या 14 व्या अध्यायात अवर्षणाने होरपळलेली प्रजा हेच क्रियापद वापरून विचारते, की सियोनचा तुला वीट आला काय? आणि लगेच कराराची आठवण करून देते.

पापी माणसाला देवाची किळस ऐकवणारे प्रवचनकार 30 व्या वचनावर थांबतात. घरातील एखाद्या लेकराचे नावही न काढण्याची शपथ वाहिलेली कुटुंबेही तेथेच थांबलेली असतात. दोघांनीही आणखी चौदा वचने पुढे वाचावीत.