‘मनाच्या श्लोकां’तील वक्ता आणि श्रोता

समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) ‘मनाच्या श्लोकां’ना आत्मसंवाद म्हणण्याचा मोह अभ्यासकास सहज होतो. भुजंगप्रयात वृत्तातील या २०५ श्लोकांत मनास वारंवार संबोधिले असल्याने, बोलणारा तो आत्मा व ऐकणारे ते मन, अशी वाटणी आपोआप होऊन जाते. परंतु ज्या दर्शनपरंपरेत रामदास उभे आहेत तिच्या कसोटीस ती उतरत नाही. अद्वैतातील आत्मा साक्षी आहे. तो उपदेश करीत नाही, रागावत नाही, कोणास सुधारू पाहत नाही. मग बोलतो कोण? आणि त्याहून अवघड असे की, ऐकते कोण?

सांख्यमते मन हे अहंकारापासून उत्पन्न झालेले अकरावे इंद्रिय असून ते प्रकृतीचेच, म्हणजे जड होय. नैयायिकांनी मन अणुपरिमाण मानले ते एका वेळी अनेक ज्ञाने का उत्पन्न होत नाहीत याची उपपत्ती लावण्यासाठी. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख व ज्ञान हे गुण मात्र त्यांनी आत्म्याकडे दिले. तेव्हा न्यायमते लोभाबद्दल मनास दोष देणे हे अशुद्ध लेखनाबद्दल लेखणीस बोल लावण्यासारखे आहे. कठोपनिषदाच्या रथरूपकात आत्मा रथी, बुद्धी सारथी आणि मन हा लगाम. सारथी लगाम आवळतो वा सैल सोडतो. लगामाशी बोलत नाही.

रामदास लगामाशी बोलतात. इतकेच नव्हे, तर जगात सर्वसुखी कोण आहे याचा शोधही अकराव्या श्लोकात त्यालाच घ्यावयास सांगतात. विचार व निश्चय हे तर बुद्धीचे कार्य. हे पारिभाषिक शैथिल्य म्हणावे, तर ‘दासबोधा’त याच ग्रंथकाराने अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त व अहंकार हे पंचक वेगवेगळे करून दाखविले आहे. भेद ठाऊक असून तो येथे पुसला आहे, व त्याचे कारण उपदेशाच्या प्रयोजनात शोधावे लागते. साधकास आपले अंतःकरण पाच कप्प्यांत अनुभवास येत नाही. तेच इच्छिते, तेच पस्तावते. ‘मन’ हा शब्द येथे त्या अवघ्या व्यवहाराचा आहे. (देकार्तच्या परिभाषेची सवय झालेल्या वाचकाचा घोटाळा येथेच होतो. देकार्तने विचार करणारे द्रव्य व आत्मा एकच मानून सीमारेषा देहापाशी आखली. सांख्यांत व वेदान्तात ती मनाच्याही पलीकडे आहे.)

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तील चिदाभासाची, म्हणजे अंतःकरणात पडलेल्या चैतन्याच्या प्रतिबिंबाची, कल्पना घेतली तर श्रोत्याचा प्रश्न सुटतो, चैतन्याने उजळलेले मन ऐकू शकते. वक्त्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. गुरुवाक्याने संस्कारित झालेली बुद्धी, म्हणजे अंतःकरणाचाच एक भाग, दुसऱ्या भागाशी बोलत आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक. आत्मसंवादातील ‘आत्म’ हे पद ‘स्वतः’ एवढ्याच अर्थाचे आहे, तत्त्ववाचक नाही, हे ध्यानी ठेवले तरच तो शब्द येथे चालेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्म्यासच आत्म्याचा बंधू व शत्रू म्हटले आहे, तेथेही शंकराचार्यांना जिंकावयाचा ‘आत्मा’ म्हणजे देहेंद्रियांचा संघात, असा विवेक करावा लागला.

उत्तरार्धात देहबुद्धी व अहंता यांच्या निरासाचा उपदेश येतो, तेव्हा तो ऐकणाऱ्याइतकाच बोलणाऱ्यासही लागू पडतो. कारण बोलणारी बुद्धीही त्याच अंतःकरणातली. पाठांतरास बहुधा आरंभीचे नीतिपर श्लोकच घेतले जात असल्याने प्रकरणाची ही बाजू अभ्यासकांच्याही दृष्टीस उशिरा पडते.