गाठवलेले शिल्प : मृणालिनी मुखर्जी यांच्या दोरकामाविषयी

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांच्यावरचे बहुतेक लेखन त्यांनी ठेवलेल्या नावांपासून सुरू होते. 'यक्षी', 'देवी', 'रुद्र', 'वनश्री', 'आदिपुष्प'. नावांमागोमाग आदिमाता, सृजनशक्ती, कामभाव हा सगळा लवाजमा येतो आणि प्रत्यक्ष वस्तू बाजूला पडते. ही वस्तू म्हणजे दोर. रंगवलेल्या दोराला एकेक गाठ मारत, महिनोन्महिने खपून, माणसाहून उंच केलेल्या या आकृत्या आहेत. नावे काढून घेतली तरी त्या उभ्या राहतात का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

शिल्पाच्या दोन रीती आपल्याला ठाऊक असतात. दगड किंवा लाकूड कोरताना नको तो भाग काढून टाकायचा. माती लिंपताना हवा तो भाग घालत जायचे. गाठ यातले काहीच करत नाही. दोर तोच राहतो, फक्त स्वतःभोवती वळतो आणि आवळला जातो. मूर्तीचा पृष्ठभाग म्हणजे तिची त्वचा, आतला दगड वेगळा. इथे त्वचा हाच सांगाडा आहे. काही कामांत आधाराला लोखंड असते हे खरे, पण घडी कुठे पडेल, ओठासारखी कड किती लोंबेल, हे शेवटी दोराचे वजन ठरवते. मुखर्जी आधी रेखाटने करून मग काम करत नसत. गाठीवर गाठ पडत जाई तसा आकार कळत जाई. सुरुवातीची कामे भिंतीच्या आधाराने राहिली, पुढची छताला टांगली गेली आणि नंतरची जमिनीवर आपली आपण उभी राहिली. हा प्रवास मला कुठल्याही देवतेच्या नावापेक्षा बोलका वाटतो. मऊ द्रव्याला उभे करणे हाच त्यांचा खरा प्रयोग.

या प्रयोगाची जमीन बडोद्यात तयार झाली. मुखर्जींचा जन्म मुंबईचा. वडील चित्रकार बिनोदबिहारी, आई लीला शिल्पकार. (दृष्टी पूर्ण गेल्यावरही बिनोदबिहारी कागद कापून, चिकटवून चित्रे करत राहिले. हाताच्या स्पर्शावर असा विश्वास या घरात होता.) बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे शिक्षक. अखिल भारतीय हातमाग मंडळात काम करून आलेल्या सुब्रमण्यन यांना कला आणि कारागिरी यांच्यातली भिंत मान्य नव्हती. आपल्याकडे प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, तोही साधारण हाच काळ. 'कोरा कॅनव्हास'चे वाचक बरवे चित्रकार म्हणून ओळखतात, त्या नोकरीविषयी फारसे बोलत नाहीत.

भिंत मात्र पडली नाही. त्याच दशकांत शहरी मध्यमवर्गीय घरांत मॅक्रमेच्या कुंड्या लोंबत होत्या, त्यामुळे गाठीचे काम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग अशी समजूत पक्की होती. मुखर्जींना ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात १९९४ साली स्वतंत्र प्रदर्शन मिळाले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातले सिंहावलोकनी प्रदर्शन जानेवारी २०१५मध्ये उघडले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने त्यांना २०१९मध्ये दालन दिले. मधल्या काळात त्या मातीकाम आणि मग ब्राँझकडे वळल्या होत्या. ब्राँझची कामे देखणी आहेत, पण ती पाहताना मला दोराचा ताण आठवत राहतो. ओतीव धातूला स्वतःच्या वजनाशी तसे भांडावे लागत नाही.

मराठीची अडचण आणखी वेगळी. 'शिल्प' या संस्कृत शब्दात विणणे, घडवणे, रंगवणे अशी सगळी हस्तकौशल्ये बसत होती. आपण तो दगड आणि धातूपुरता आवळला. दोरकामाची भाषा मात्र आपल्याकडे भरपूर आहे. मंगळसूत्र आपण गाठवून घेतो. दावे, कासरा, चऱ्हाट, शिंके, मुसके, प्रत्येकाचा पीळ आणि गाठ निराळी. घायपाताचा वाख वेगळा, अंबाडीचा वेगळा. हे ज्ञान बलुतेदारीत मातंग समाजाच्या हाती होते. दोराशिवाय मोट चालली नसती आणि बैल बांधला गेला नसता, तरी दोर वळणारा गावकुसाबाहेर राहिला. दोरकामाला आपण कला म्हणायला कचरतो, त्याचे कारण सौंदर्यशास्त्रात शोधण्याआधी इथे शोधावे.

मुखर्जींनी दोर वळला नाही, तयार दोर घेऊन त्याला गाठी मारल्या. त्यात त्यांचे उणे काही नाही. संगमरवरात काम करणारा खाणीत उतरत नाही. पण संगमरवराच्या पाटीवर निदान मकराना किंवा कॅरारा असे गावाचे नाव येते. 'वनश्री'सारख्या कामाखालच्या पाटीवर हेम्प एवढेच असते. मराठीत ती पाटी लिहायची वेळ आली तर ताग लिहावे, सण लिहावे की अंबाडी, हे ठरवण्यासाठी तरी कुणाला दोर वळणाऱ्याकडे जावे लागेल.